नव्वदच्या पुढची थरथर

आमची गाडी आता थरथरत नाही. शंभरच्या पुढे गेली तरी नाही.

हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. प्रकरण न्यायालयात आहे, आणि न्यायप्रविष्ट बाबींवर जाहीर बोलू नये एवढी अक्कल मला आहे. तेव्हा आपण असं धरून चालू की गाडी थरथरतेच आहे, मी तिच्यात बसलोय, आणि माझी वरची दातांची रांग खालच्या रांगेशी भांडते आहे.

थरथर नव्वदला सुरू व्हायची. शहरात गाडी म्हणजे लोणी. अख्ख्या विनिपेगच्या हद्दीत तिच्याइतकी सालस गाडी दाखवून द्या. पण हमरस्त्याला लागून काटा नव्वदवर टेकला की आधी स्टिअरिंगला कापरं भरायचं, मग आरशाला, मग सीटला, आणि काटा आणखी जरा सरकला की मागे बसलेला माणूस कुठल्याही प्रश्नाला "ह-ह-हो" असंच उत्तर द्यायचा. एकदा याच पद्धतीने मी आईकडून बरीच परवानगी मिळवली होती, पण तो विषय वेगळा.

गाडी आजोबांची. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली ती एका अटीवर: आजीला जिथे जायचं असेल तिथे ऑरेस्टने, म्हणजे मी, न्यायचं. अट सोपी होती, कारण आजीला कुठेच जायचं नसे. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, दोन चौक पलीकडे, आणि तिथे ती चालत जाऊन माझ्या आधी पोचते. पण या हिवाळ्यात तिला अचानक डॉफिनला जायचं झालं. डॉफिन विनिपेगपासून चांगलं तीन-चार तासांवर, आणि सगळा रस्ता नव्वदच्या पुढचा.

डॉफिनला तिची धाकटी बहीण स्टेफ्का राहते. दोघी बहिणी कित्येक वर्षं एका टेबलावर बसलेल्या नाहीत. चर्चच्या हॉलमध्ये साऱ्या बायकांसमोर स्टेफ्का आजी म्हणाली होती, "ओलेनाच्या पिरोग्या म्हणजे उशा. एक खा आणि एक डोक्याखाली घ्या." ओलेना म्हणजे आमची आजी, आणि पिरोग्या म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या. आमच्या युक्रेनी समाजात यापेक्षा कमी बोलण्यावरून गावं दुभंगली आहेत. या वर्षी मात्र स्टेफ्का आजीने निरोप धाडला: सहा जानेवारीच्या पवित्र जेवणाला ये. आमचा नाताळ जानेवारीत असतो, आणि आदल्या संध्याकाळी बारा पदार्थांचं जेवण होतं. आजी म्हणाली, जाईन, पण आजोबांच्या गाडीतूनच जाईन.

लगेच कुटुंबाची बैठक बसली. अध्यक्ष मिर्कोमामा, कारण तो बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, म्हणजे कर्लिंगच्या, क्लबचाही अध्यक्ष आहे आणि त्याला दुसरी कुठली खुर्ची माहीत नाही. मामाचं म्हणणं, पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला घुसळत नेता येणार नाही, तिचं ताक होईल. आजीने त्याच्या मुलाच्या, डार्सीच्या, नव्या कोऱ्या पिकअपमधून जावं. आणि ज्या गाडीतून आजी जाऊ शकत नाही ती ऑरेस्टकडे कशाला? ती डार्सीला द्यावी. डार्सी तिला नारिंगी रंग मारून उन्हाळ्याच्या जत्रेत उतरवणार होता. जत्रेत जुन्या गाड्या एकमेकींवर आदळवतात आणि शेवटी जी हलू शकते ती जिंकते.

डार्सी मला मायेने म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस, ऑरेस्ट. तशी ती स्वतःच सुटी व्हायच्या विचारात दिसते."

शेवटी आईने मध्यस्थी केली. सहा तारखेला आजी या गाडीतून, हमरस्त्याच्या वेगाने, न थरथरता डॉफिनला पोचली तर गाडी माझी. नाही पोचली तर जत्रेची.

थरथरीचं कारण शोधायला मी सुरुवात केली ती शेजाऱ्यांपासून. खरं म्हणजे मी केली नाही, त्यांनीच केली. आमच्या गल्लीत गाडीचं बॉनेट उघडलं की माणसं अशी जमतात की वाटावं आत कोणी तरी वारलंय.

पलीकडच्या घरातले एल्मर फ्रीसन यांनी गाडीकडे न पाहताच निदान केलं: चाकात बर्फ अडकलंय. हिवाळ्यात विनिपेगमध्ये गाडीचं काहीही बिघडलं तरी चाकात बर्फ अडकलेलं असतं. रेडिओ लागत नसला तरी. मी सांगितलं की मी चाकं झटकली आहेत, घासली आहेत, काठीने कोरली आहेत. एल्मर म्हणाले, ते आतलं बर्फ, ते असं दिसत नाही. आणि ते घरात जाऊन किटली घेऊन आले.

उणे तीसमध्ये चाकावर गरम पाणी ओतल्याने काय होतं हे इथे जन्मलेल्या पोराला सांगावं लागत नाही. पण एक वयोवृद्ध माणूस वाफाळती किटली घेऊन, मफलर गुंडाळून, आपल्यासाठी बर्फातून चालत येतो तेव्हा भौतिकशास्त्र काढणं बरं दिसत नाही. मी ओतू दिलं. त्या दिवसापासून गाडी साठलाच थरथरू लागली. "बघ," एल्मर म्हणाले, "म्हणत नव्हतो, चाकात बर्फ आहे?"

दुसऱ्या बाजूच्या लूर्डेस बौतिस्ता रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांनी स्टेथोस्कोप आणून गाडी चारी बाजूंनी ऐकली आणि छाती साफ असल्याचं सांगितलं. मग त्यांनी आरशाला एक जपमाळ बांधली. तिचा आजारावर गुण आला नाही, पण थरथर मोजायची छान सोय झाली. साठला माळ डुले, पंच्याण्णवला ती माझ्या कपाळावर येई.

विमा कार्यालयाला फोन केला तर त्यांनी विचारलं, टक्कर कशाशी झाली. म्हटलं, कशाशीच नाही. प्राणी असेल तर एक दाबा, वाहन असेल तर दोन. मी प्रामाणिकपणे काहीच दाबलं नाही, म्हणून फोन एका बाईंकडे गेला. त्यांनी माझी हकिगत शांतपणे ऐकली आणि विचारलं की एल्मरचं बर्फ वगळलं तर नव्वदच्या आत त्रास होतो का. नाही म्हणालो. "मग नव्वदच्या आत राहा," त्या म्हणाल्या, आणि प्रकरण निकाली काढलं. अशा बाईंना देशाचे प्रश्न द्यायला हवेत.

उरला रेजाँ. रेजाँचं गॅरेज नदीपलीकडे सेंट बोनिफेसमध्ये आहे आणि तो मेकॅनिक असला तरी वृत्तीने न्यायाधीश आहे. त्याने चारी चाकं काढून यंत्रावर फिरवली. एल्मरचं बर्फ तिथल्या उबेत केव्हाच वितळून गेलं होतं. यंत्राने चारी चाकांना शंभर टक्के दिले. मग रेजाँ गाडी घेऊन गॅरेजभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, थरथर नाही. तिथली वेगमर्यादा पन्नास आहे हे मी नम्रपणे सांगितलं. तो म्हणाला, जे पन्नासला दिसत नाही त्यावर तो काम करत नाही. मी पुन्हा गेलो. यंत्राने पुन्हा शंभर टक्के दिले. तिसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर डॉक्टरकडे रोज येऊन "आज इथे दुखतंय" म्हणणाऱ्यांनाच मिळते. त्याने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

मला घाव बसला तो इथे. गाडी थरथरते हे मान्य, पण थरथरतोय मी, असं म्हणणं म्हणजे काय? चिडून मी पाच तारखेला सकाळी मागच्या अंगणात गाडी जॅकवर चढवली आणि चारी चाकं स्वतः उतरवली. हेतू संशोधनाचा वगैरे अजिबात नव्हता. चाकात बर्फ नाही एवढं एल्मरच्या नाकासमोर धरून दाखवायचं होतं, म्हणजे निदान एक तरी माणूस हरेल.

बर्फ नव्हतं. पण चाकं ओळीने उभी केल्यावर एक गोष्ट दिसली. तीन चाकांच्या मधल्या भोकात एक काळं प्लास्टिकचं कडं बसवलेलं होतं. चौथ्यात नव्हतं.

मी रेजाँला फोन केला. तीन चाकांत कडं आहे, चौथ्यात नाही, असं सांगितलं. मग तो खाकरला. आजोबांनी ही हिवाळी चाकं जुनी, दुसऱ्या गाडीची घेतलेली. त्यांचं भोक आमच्या गाडीला जरा मोठं. ती फट ते कडं भरून काढतं. कडं नसलं की चाक केसभर बाजूला बसतं, आणि केसभर बाजूला बसलेलं चाक नव्वदला बोंब मारतं. यंत्रावर मात्र चाक आवळून मधोमध धरलेलं असतं, म्हणून तिथे ते साधूसारखं फिरतं.

"म्हणजे माझं यंत्र बरोबरच होतं," रेजाँ म्हणाला.

"आणि मी?"

"तूही बरोबर होतास. पण यंत्र जास्त बरोबर होतं."

नवं कडं टोरांटोहून येणार, महिनाअखेर. म्हणजे जुनंच शोधायला हवं होतं, आणि ते कुठे पडलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी, आमची अख्खी गल्ली मिळून टायर बदलते. सगळ्यांच्या उन्हाळी चाकांचा एक ढीग, हिवाळी चाकांचा दुसरा, एल्मरचा जॅक, कोणाच्या तरी मुलीचा रेडिओ, आणि प्रत्येक घरातून काही ना काही खायला. चाकं उतरतात, चढतात, नट एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी सगळ्यांच्या गाड्या उभ्या राहतात हा दरवर्षीचा चमत्कार. कडं त्या दिवशी निसटलं असणार, आणि त्यानंतर त्यावर तीन महिन्यांचं बर्फ पडलं होतं.

मी फावडं घेऊन सुरुवात केली. मी काय करतोय हे विचारायला लूर्डेस आल्या आणि तांदूळ धुवायची चाळणी घेऊन परत आल्या. मग आणखी चाळण्या आल्या. दुपारपर्यंत अर्धी गल्ली बर्फ चाळत होती. एल्मर धातू शोधायचं यंत्र घेऊन उतरले. मी म्हटलं, कडं प्लास्टिकचं आहे. ते म्हणाले, असू दे, आधी धातू बाजूला काढू, मग जे उरेल त्यात प्लास्टिक असेल. त्यांना चार नट, एक फावडं आणि सुनेच्या लग्नातला चमचा सापडला. चमच्यावरून त्यांच्या घरात नंतर काय झालं ते मला माहीत नाही, पण आवाज इथवर आला.

या गडबडीत माझ्या मनात आलं की महापालिकेचं बर्फ काढणारं यंत्र गल्लीत आलं तर कडं कायमचं जाईल. खबरदारी म्हणून मी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन करून विनंती केली की कृपया आज आमच्या मागच्या गल्लीत येऊ नका. ते यंत्र आमच्या मागच्या गल्लीत कधीच आलेलं नव्हतं. लोकांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, नगरसेवकाला केक पाठवला, तरी आलं नव्हतं. माझ्या फोनने त्यांना बहुधा पहिल्यांदाच कळलं की अशी गल्ली आहे. तासाभरात ते पिवळे दिवे फिरवत आलं आणि आमचं चाळलेलं, न चाळलेलं, सगळं बर्फ ढकलत कोपऱ्यापलीकडे घेऊन गेलं.

गल्ली काळीभोर, स्वच्छ झाली. सगळे चाळण्या घेऊन तिच्याकडे बघत उभे राहिले. "आपल्याकडे डांबर आहे," लूर्डेस हळूच म्हणाल्या. एल्मरने येऊन माझे आभार मानले. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच कामाबद्दल मला इतके धन्यवाद मिळालेले नाहीत, आणि दुसऱ्या कुठल्याच क्षणी मला इतकं रडू आलेलं नाही.

हात गरम करायला स्वयंपाकघरात गेलो. आजी डॉफिनला न्यायच्या पिरोग्या करत होती. टेबलभर लाटलेलं पीठ, बाजूला बटाट्याचं सारण, आणि ती एका काळ्या कड्याने त्या पिठातून गोल चकत्या पाडत होती.

मी हातमोजे काढून टेबलाजवळ गेलो.

"आजी, हे कुठून आणलंस?"

"अंगणात पडलं होतं. चकत्या पाडायचा माझा पेला त्याच दिवशी फुटला. देवाने पाठवलं."

"देवाने नाही, आजी. चाकातून पडलं."

"मग त्याने कशातून पाठवायचं?"

मी एक चकती उचलली. काठावर बारीक, उलटे आकडे उमटले होते. ऑक्टोबरपासून दर रविवारी मी हे आकडे खात आलो होतो. मला वाटायचं नक्षी आहे.

मी तिला सगळं समजावलं. चाक, फट, केसभर, जत्रा, नारिंगी रंग. तिने ऐकून घेतलं आणि चकत्या पाडत राहिली. मग कडं हातात धरून म्हणाली, "पेल्याने मोठ्या व्हायच्या. स्टेफ्का खोटं बोलत नव्हती, उशाच होत्या. याने बरोबर होतात. मी एवढ्या वर्षांनी तिच्या दारात उशा घेऊन जाणार नाही. शेवटची पिरोगी होऊ दे, मग ने तुझं कडं."

पीठ दोनशे माणसांचं असावं. आजीच्या एकटीच्या हाताने ते उद्या सकाळपर्यंत पुरलं असतं. मी दारात जाऊन गल्लीला हाक मारली. चाळण्या ठेवून लोक आत आले. लूर्डेसनी सारण भरायला घेतलं, मी आणि एल्मर मुरड घालायला बसलो. रेजाँ जुन्या गाडीचं एक कडं जुळतंय का बघायला घेऊन आला होता. ते जुळलं नाही, म्हणून त्यालाही हात धुवून बसवलं. त्याच्या मुरडी यंत्रासारख्या एकसारख्या. आजीने एक उचलून उजेडात धरली आणि त्याला विचारलं की लग्न झालंय का. एल्मरच्या मात्र उघड्या राहत. तिने त्या वेगळ्या परातीत ठेवायला लावल्या आणि म्हणाली, या पोलिसांना देऊ. ती असं का म्हणाली हे कोणालाच कळलं नाही, तिलाही.

शेवटची चकती पडली तेव्हा अजून उजेड होता. मी कडं धुवायला निघालो तर आजीने हात धरला. "थोडं पीठ असू दे. घट्ट बसेल." रेजाँने विचार करून मान डोलावली. आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक अशा रीतीने आजही मैदा आणि अंड्यावर उभं आहे.

सहा तारखेला सकाळी निघालो. आजी पुढच्या सीटवर, मांडीवर बोर्शची, म्हणजे लालभडक बीटाच्या सुपाची, बरणी. झाकण तिने मुद्दाम उघडं ठेवलं होतं, कारण तिचा माझ्यावर विश्वास आहे की नाही हे तिलाही बघायचं होतं. शहर संपलं. काटा ऐंशीवर आला. नव्वद. पंच्याण्णव. जपमाळ ओळंब्यासारखी सरळ लोंबत होती. बरणीतल्या बोर्शमध्ये आजीचा चेहरा दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

"ऑरेस्ट," आजी म्हणाली, "गाडी बंद पडली का रे?"

इतकी सुंदर गोष्ट माझ्याशी आजवर कोणी बोललेलं नाही. मला भरून आलं. भरून आलेल्या माणसाचा पाय जड होतो. शिवाय या गाडीत मी कधी वेगाचा काटा पाहून चालवलंच नव्हतं, वेगमर्यादा मला दातांत कळायची. आता दात गप्प होते. मागे लाल-निळे दिवे दिसले तेव्हा मला आधी वाटलं, अभिनंदन करायला आले.

पोलीस बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, एवढी घाई कसली. मी सांगितलं, घाई नाही, थरथर नाही. त्यांनी माझ्या श्वासाचा वास घेतला. आजीने बरणी पुढे करून दाखवली की बघ बाई, थेंब सांडलेला नाही. बाईंनी बरणीचाही वास घेतला. मग मला दंडाची चिठ्ठी लिहून दिली. वेग रडारवर मोजलेला, स्वच्छ अक्षरात. मी विनंती केली की खाली फक्त एवढं लिहा, वाहन थरथरत नव्हतं. त्या म्हणाल्या, तसा रकाना नाही.

नेमक्या त्याच वेळी डार्सीची नवी पिकअप बाजूने हळूच गेली. त्याने आम्हाला रस्त्याकडेला थांबलेलं पाहिलं, एक दुःखी हॉर्न वाजवला आणि पुढे जाऊन, जेवणासाठी डॉफिनला आधीच पोचलेल्या साऱ्या कुटुंबाला कळवलं की झालं, बंद पडली.

डॉफिनला पोचलो तेव्हा मिर्कोमामा फाटकात गाडी ओढायचा दोर खांद्यावर घेऊन निघायच्या तयारीत होता. आईने मला मिठी मारली, गाडीचं वाईट वाटून. डार्सीने रंगाचा डबा आणला नव्हता एवढंच. आजीने साक्ष दिली की सबंध वाटेत गाडी जरासुद्धा हलली नाही. "बरोबर आहे," डार्सी म्हणाला. "मी पाहिलं ना. उभीच होती."

मग मी खिशातून चिठ्ठी काढून अध्यक्षांपुढे ठेवली. मामाने चष्मा लावला. वेगाचा आकडा वाचला, पुन्हा वाचला, आईकडे दिली. आईचा चेहरा आधी लाल झाला, मग तिला त्या रागाच्या आतलं दुसरं काही तरी सापडलं आणि ती हसायलाच लागली. मामा म्हणाला, सरकारी कागद आहे, सही आहे, या वेगाला बंद पडलेली गाडी कोणी पकडत नाही. गाडी ऑरेस्टची. आणि तो दोर मोकळ्या हाताने गुंडाळत बसला.

आत स्टेफ्का आजीने आमच्या आजीच्या हातातलं पातेलं घेतलं, झाकण उघडून एक पिरोगी उचलली, तळहातावर ठेवून जोखली आणि म्हणाली, "आकार बरा जमलाय." आजी म्हणाली, "तुझ्या नाकाएवढा केला." दोघी टेबलाशी शेजारी बसल्या त्या आम्ही निघेपर्यंत उठल्या नाहीत.

फक्त डार्सी अजून मानत नाही. तो प्रत्येक भेटीत म्हणतो, चिठ्ठीवर वेग आहे, थरथर नव्हती असं कुठे आहे? थरथरत थरथरतही माणूस त्या वेगाने जाऊ शकतो. म्हणून मी न्यायालयात अर्ज केला आहे. तो असा:

सन्माननीय वाहतूक दंडाधिकारी यांच्या सेवेशी. अर्जदारास गुन्हा मान्य आहे. अर्जदाराची दंड माफ करण्याची किंवा कमी करण्याची मागणी नाही. वाढवायचा असल्यास हरकत नाही. विनंती एवढीच की सदर चिठ्ठीत नवा रकाना निर्माण करून "सदर वेगात वाहन अजिबात थरथरत नव्हते" असा शेरा न्यायालयाच्या शिक्क्यानिशी द्यावा व त्याची एक प्रत डार्सी यास पोस्टाने पाठवावी. न्यायालयास शंका असल्यास त्याच जागी, त्याच वेगाने, न्यायालयाच्या समक्ष गाडी पुन्हा चालवून दाखवण्यास अर्जदार तयार आहे. महोदयांनी पुढच्या सीटवर बसावे. बोर्शची बरणी अर्जदाराची आजी देईल. मांडी न्यायालयाने स्वतःची आणावी.